'शुद्ध ध्वनी' नावाची पळवाट

प्रायोगिक संगीताविषयी मराठीत मुळातच थोडे लिहिले जाते, आणि जे लिहिले जाते ते बहुधा दोन ठरीव वाटांनी जाते. पहिली वाट आकारवाद्यांची. ध्वनी हे संगीताचे माध्यमद्रव्य; ते अर्थापासून, प्रसंगापासून, माणसांपासून जितके मोकळे होईल तितकी कला शुद्ध, असे हा पक्ष मानतो. ध्वनिमुद्रणाच्या यंत्राने हे मोकळेपण प्रथमच पूर्णांशाने शक्य केले म्हणून तो प्रायोगिक संगीताचे स्वागत करतो. दुसरी वाट अस्मितावाद्यांची. ध्वनी ही समाजाची खूण, परंपरेचा शिक्का. तेव्हा प्रयोग करणाऱ्याने आधी आपण कोणाचे हे सिद्ध करावे, त्याच्या ध्वनीत त्याची भूमी ऐकू आली पाहिजे, अशी या पक्षाची मागणी असते. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे हाडवैरी म्हणून वावरतात. वस्तुतः त्यांच्यात कामाची चोख वाटणी झालेली आहे: पश्चिमेचा प्रयोग ऐकताना 'शुद्ध ध्वनी'चा सिद्धान्त वापरायचा आणि आशिया-आफ्रिकेतला प्रयोग ऐकताना अस्मितेचा. या वाटणीत जी गोष्ट टळते ती एकच आहे. मुद्रित झालेला आवाज कोणा एका माणसाचा, कोणा एका ठिकाणी, कोणा एका दिवशी उमटलेला असतो. त्याचे संगीतकारावर ऋण असते, आणि त्या ऋणाचे संगीतकाराने काय केले यावर त्याच्या प्रयोगाचे मोल ठरते. 'शुद्ध ध्वनी' ही कल्पना हे ऋण न मोजण्याची सोय आहे. 'अस्मिता' ही ते भलत्याच्याच खात्यावर मांडण्याची.

आकारवादी पक्ष त्याच्या सर्वांत समर्थ रूपात पाहायचा तर पिएर शेफेरकडे जावे लागते. फ्रेंच रेडिओत अभियंता असलेल्या शेफेरने १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले. तबकडीवरची एखादी खाच बंदिस्त करून तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवणे, गती बदलणे, तुकडे वेगळ्या क्रमाने जोडणे, अशा उपायांनी त्याने त्या आवाजांची एक रचना सिद्ध केली. तिच्यासह त्याच्या पाच रचना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'आवाजांची मैफल' या नावाने प्रक्षेपित झाल्या. घंटेच्या मुद्रणातून टोला काढून टाकला आणि मागाहून घुमणारा नाद तेवढा ठेवला, तर ऐकणाऱ्याला ती घंटा असल्याचे ओळखू येत नाही, हा त्याचा त्या काळातला प्रसिद्ध शोध. पुढे १९६६ च्या ग्रंथात त्याने या अनुभवांना सिद्धान्ताचे रूप दिले. पायथागोरसचे शिष्य पडद्याआडून गुरूचा आवाज ऐकत, त्याप्रमाणे ध्वनी त्याच्या उगमापासून तोडून ऐकावा. तो कशाचा आणि कशासाठी हे प्रश्न कंसात टाकावेत. मग जी उरते ती ध्वनिवस्तू, तीच संगीताचे खरे द्रव्य. हुसर्लच्या प्रतिभासशास्त्राचा आधार या मांडणीला आहे आणि कानाला लावलेली शिस्त म्हणून तिची योग्यता वादातीत आहे. शेफेरमुळे ऐकणे सूक्ष्म झाले, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल.

अडचण सुरू होते ती या शिस्तीचे तत्त्वज्ञान होते तेव्हा. कंस हे ऐकण्याचे तात्पुरते साधन आहे. कंसात टाकलेली गोष्ट नाहीशी होत नाही. शेफेरच्या पुढच्या पिढीतील आकारवाद्यांनी मात्र कंस म्हणजेच विसर्जन असे मानले. या ठिकाणी मराठी समीक्षकाला आनंदवर्धनाची आठवण व्हावयास हवी होती. ध्वनिसिद्धान्तात व्यंग्यार्थाच्या एका मोठ्या वर्गासाठी जी उपमा रूढ आहे ती घंटेच्या अनुरणनाचीच आहे: टोला पडून गेल्यावर मागाहून घुमत राहणारा नाद. पण त्या परंपरेत अनुरणन टोल्याशिवाय संभवत नाही. वाच्यार्थ गौण होतो, मागे सरतो, तरीही तो नष्ट झालेला चालत नाही. प्रकाश हवा असणारा मनुष्य दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, हा आनंदवर्धनाचा दृष्टान्त हेच सांगतो. शेफेरची टोला कापलेली घंटा आणि आनंदवर्धनाची अनुरणन करणारी घंटा यांच्यातले अंतर सौंदर्यशास्त्रीय तर आहेच. पण त्याहून अधिक ते नैतिक आहे. पहिलीत नाद मिळवण्यासाठी आघात पुसावा लागतो. दुसरीत नाद ऐकणे म्हणजेच आघात झाल्याचे मान्य करणे असते.

आघात पुसण्याचा अर्थ काय, हे आगगाडीच्याच उदाहरणावरून पाहता येते. १९४२ ते १९४४ या काळात फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना गाड्यांत भरून हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी बहुतेकांचा अंत आउश्वित्झला झाला. त्या गाड्या फ्रेंच रेल्वेच्याच रुळांवरून गेल्या होत्या. १९४८ च्या पॅरिसमध्ये ज्या घरातले कोणी परत आले नव्हते, त्या घरातल्या रेडिओवर रुळांचा ठेका ऐकू आला असेल तर तो 'ध्वनिवस्तू' म्हणून ऐकला जाणे कसे शक्य होते? शेफेरने काही लपवले असा हा आरोप नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होत असताना रेडिओवरून प्रतिकाराच्या बाजूने काम करणाऱ्यांत तो स्वतः होता. प्रश्न त्याच्या शीलाचा नसून सिद्धान्ताच्या ऐपतीचा आहे. जो सिद्धान्त १९४८ च्या आगगाडीत १९४२ ची आगगाडी ऐकू देत नाही, तो कान तयार करतो की बधिर करतो, एवढेच येथे विचारावयाचे आहे. आणखी एक गोष्ट शेफेरच्या चाहत्यांनी लक्षात घ्यावी. १९५० च्या दशकात फ्रान्सच्या आफ्रिकेतील वसाहतींसाठी रेडिओची यंत्रणा उभी करण्याचे काम शेफेरकडे होते. आवाज कोठून निघतो आणि कोणापर्यंत पोचतो हे व्यवहारात इतक्या नेमकेपणाने जाणणाऱ्या माणसाने सिद्धान्तात मात्र उगमाला रजा द्यावी, यात त्या सिद्धान्ताच्या शुद्धतेचे रहस्य काही अंशी दडलेले आहे. उगम विसरणे त्यालाच परवडते ज्याच्या हाती प्रक्षेपक असतो.

यंत्रावर मुद्रित केलेल्या आवाजांतून संगीत घडवण्याचा इतिहास पाठ्यग्रंथांत बहुधा १९४८ च्या पॅरिसपासून सुरू होतो. त्यापूर्वी चार वर्षे, १९४४ मध्ये, कैरोत हलीम एल-दाब या शेतकी शिकणाऱ्या तरुणाने तेथील रेडिओ केंद्रातून तारेवर मुद्रण करणारे यंत्र मिळवले आणि 'झार' या विधीचे आवाज टिपले. अंगात संचारलेल्या शक्तीला आवाहन करून रोग्याला शांतवण्याचा हा विधी मुख्यतः बायकांचा. पुरुषांना तेथे मज्जाव असल्यामुळे एल-दाब आणि त्याचा मित्र डोकी झाकून आत शिरले, असे त्याने पुढे सांगितले आहे. मुद्रण हाती आल्यावर केंद्रातल्या प्रतिध्वनी उमटवणाऱ्या खोल्या, हलवता येणाऱ्या भिंती आणि पुनर्मुद्रण यांच्या साह्याने त्याने त्या आवाजांचे रूप बदलले. गाण्यातले शब्द आणि ठळक स्वर मागे सारून आतला घुमारा तेवढा वर यावा, असा त्याचा प्रयत्न होता. त्याच वर्षी कैरोतल्या एका कलादालनात ही रचना ऐकवण्यात आली. आज तिचा दोन मिनिटांच्या आसपासचा भाग ऐकावयास मिळतो. पुढे एल-दाब १९५० मध्ये अमेरिकेत गेला, न्यू यॉर्कमधील कोलंबिया-प्रिन्स्टनच्या इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रात त्याने १९५९ मध्ये 'लैला अँड द पोएट' ही रचना केली, आणि २०१७ मध्ये तो वारला.

समीक्षेच्या दुटप्पीपणाचा याहून स्वच्छ पुरावा शोधूनही सापडणार नाही. एल-दाबने जे केले ते पद्धतीच्या दृष्टीने शेफेरच्या घंटेपासून फार दूर नाही: तोही आवाजाचा एक थर सोलून दुसरा उघडा करत होता. पण शेफेरची आगगाडी 'ध्वनी' ठरते आणि एल-दाबचा झार 'इजिप्शियन संस्कृती' ठरतो. एकाच्या बाबतीत पॅरिस विसरणे ही रसिकतेची अट. दुसऱ्याच्या बाबतीत कैरो न विसरणे ही. आकारवादी समीक्षक येथे आपला सिद्धान्त गुंडाळून ठेवतो आणि एकाएकी मानववंशशास्त्रज्ञ होतो.

मात्र या अन्यायाचे परिमार्जन म्हणून अस्मितावादी जे करतात तेही तपासले पाहिजे. त्यांचा उत्साह 'पहिला मान आमचा' या घोषणेपाशी संपतो. चार वर्षांच्या आघाडीने पूर्वेने पश्चिमेला हरवले, एवढेच त्यांना सिद्ध करावयाचे असते. यात इतिहासाचे आकलन कमी आणि पेटंट कचेरीतली हुज्जत अधिक आहे. शिवाय ज्या झारला ते इजिप्तच्या अस्मितेचा ध्वनी म्हणून मिरवतात तो विधी इथिओपिया-सुदानच्या बाजूने, पुष्कळ अंशी गुलाम म्हणून आणलेल्या बायकांबरोबर, एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये आला असे सामान्यतः मानले जाते. मुल्ला-मौलवींनी त्याला धर्मबाह्य ठरवले आणि सुशिक्षितांनी अडाणीपणाचे लक्षण मानले. म्हणजे ज्याला राष्ट्राने स्वतःच्या घरात कधी बसू दिले नाही, तोच आवाज बाहेर मिरवताना राष्ट्राचा होतो. आणि त्या रात्री ज्यांच्या कंठातून तो उमटला त्या बायका? त्यांची नावे शेफेरवाद्यांना नको असतात, कारण ती शुद्धतेला बाधक. अस्मितावाद्यांना ती नको असतात, कारण राष्ट्र हे एकच नाव त्यांना पुरेसे वाटते. एल-दाबच्या वाट्याला निदान उशिरा का होईना न्याय आला. त्या बायकांच्या वाट्याला दोन्ही पक्षांकडून तोच एक निनावीपणा आला. प्रवेश नसलेल्या ठिकाणी डोके झाकून शिरणे आणि बाहेर येताना आवाज घेऊन येणे या कृतीतला पेच एल-दाबच्या रचनेच्या समीक्षेत मध्यभागी असावयास हवा. तो टाळून केलेली स्तुती ही स्तुतीच नव्हे.

ऋणाचा हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश याच्या दोन रचनांत. एप्रिल १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत फळांच्या दुकानापाशी घडलेल्या एका किरकोळ प्रकारानंतर पोलिसांनी काही कृष्णवर्णीय मुलांना ठाण्यात बेदम मारले. त्यांत डॅनियल हॅम हा अठरा वर्षांचा मुलगा होता. ज्याच्या अंगावर रक्त दिसेल त्यालाच इस्पितळात नेले जाणार होते, म्हणून आपण मुका मार लागलेली जागा फोडून रक्त बाहेर येऊ दिले, असे त्याने नंतर मुद्रित मुलाखतीत सांगितले. त्याच महिन्यात झालेल्या एका खुनाबद्दल पुढे हॅमसह सहा तरुणांवर खटला झाला आणि १९६५ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. अपिलात १९६८ मध्ये त्या शिक्षा रद्द ठरल्या. त्यांच्या फेरखटल्यासाठी धडपडणारा लेखक ट्रूमन नेल्सन याने राइशकडे मुद्रित फिती सोपवल्या. राइशने हॅमच्या तोंडचे ते एक वाक्य घेतले, आरंभी तीनदा स्पष्ट ऐकवले आणि मग त्यातला शेवटचा तुकडा दोन मार्गांवर एकाच वेळी सुरू केला. दोन्ही हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात. दोनांचे चार, चारांचे आठ होतात. तेरा मिनिटांच्या अखेरीस शब्द कळेनासे होऊन केवळ एक घरघरणारा ठेका उरतो. ही रचना म्हणजे 'कम आउट'. निधी जमवण्यासाठी एप्रिल १९६६ मध्ये न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमात ती प्रथम ऐकवली गेली.

'कम आउट'चे काय झाले? ती प्रक्रियासंगीताचा आदर्श नमुना ठरली. प्रावस्थेतील फरक, पुनरावृत्ती, क्रमशः परिवर्तन, या संज्ञांनी तिचे विश्लेषण होऊ लागले, आणि त्या विश्लेषणात हॅम हा कच्चा माल झाला. विश्वास बसावा म्हणून ज्याला आपले रक्त दिसते करावे लागले, त्याचा आवाज ऐकू येईनासा होतो ती जागाच रसिकांना सर्वांत सुंदर वाटू लागली! या रचनेचे दुसरेही एक वाचन संभवते, आणि ते अधिक न्याय्य आहे: शब्द विरत जाताना ऐकणाऱ्याला ते विरणे असह्य व्हावे, न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत साक्ष कशी झिजत जाते ते कानांनी कळावे. पण हे वाचन कधी शक्य होते? आरंभीचा टोला ज्याने ऐकला आहे, तो कोणावर पडला हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच. निधीसाठी जमलेल्या त्या सभागृहात ते सर्वांना ठाऊक होते. अभ्यासक्रमातल्या वर्गात ते ठाऊक नसेल तर तीच रचना बदलते, जरी तिचा एक स्वरही बदललेला नसला तरी. कलाकृतीचा अर्थ तिच्या पोटात बंद असतो या आकारवादी श्रद्धेचे एवढे निर्णायक खंडन क्वचितच कोठे मिळेल.

बावीस वर्षांनी, १९८८ मध्ये, राइशने 'डिफरंट ट्रेन्स' ही तंतुवाद्य-चतुष्कासाठी आणि मुद्रित ध्वनीसाठी रचना केली. आईवडील विभक्त झाल्यामुळे १९३९ ते १९४२ या काळात लहानगा राइश न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये आगगाडीने ये-जा करत असे. आपण त्याच वर्षांत युरोपात असतो तर, ज्यू म्हणून, वेगळ्याच गाड्यांत बसवले गेलो असतो, हा विचार रचनेच्या मुळाशी आहे. तीत त्याला सांभाळणाऱ्या बाईंचा आवाज आहे, गाडीवर नोकरी केलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय हमालाचा आहे आणि छळछावण्यांतून वाचलेल्या तिघांचे आहेत. या माणसांच्या बोलण्यातले चढउतार तंतुवाद्ये उचलतात. वाद्य माणसाच्या बोलण्यामागून चालते. माणूस वाद्याच्या ठेक्यात चिरडला जात नाही. शब्द कळत राहतात आणि बोलणाऱ्यांची नावे श्रोत्याला दिली जातात. येथेही साक्षीचे तुकडे केलेले आहेत, निवड संगीतकाराची आहे, आणि त्या निवडीबद्दल प्रश्न विचारता येतात. पण प्रश्न विचारण्यासाठी लागणारी माहिती रचनेनेच पुरवलेली आहे. १९४८ ची शेफेरची आगगाडी आणि १९८८ ची राइशची आगगाडी शेजारी ठेवावी. दोन्हींत रूळ आहेत, शिट्ट्या आहेत, ठेका आहे. पहिलीत बसून कोणीही कोठेही जात नाही. दुसरीत कोण कोठे गेले हे विसरण्याची मुभा नाही. आकाराच्या दृष्टीने दुसरी रचना पहिलीपेक्षा सैल आहे असे म्हणण्याचे धाडस कट्टर आकारवादीही करणार नाही. म्हणजे ऋण मान्य केल्याने आकार ढळतो ही भीतीही निराधार ठरते.

हा वाद मराठी समीक्षेला परका नाही. मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र संवेदनांच्या लयबद्ध संघटनेवर उभे आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीची जी मांडणी त्यांनी केली, तिने मराठी समीक्षेला बोधवादाच्या दलदलीतून बाहेर काढले, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु मर्ढेकर-संप्रदायाने कवी मर्ढेकरांकडे पुरेसे पाहिले नाही. १९४७ च्या 'काही कविता'मध्ये यंत्रयुगातल्या महानगराचे जे आवाज शिरले आहेत, ते अमुक काळातल्या मुंबईचे आहेत हे विसरून त्या कविता वाचताच येत नाहीत. सिद्धान्तकाराने संवेदनेला इतिहासापासून सोडवले. कवीने तिला तेथेच परत नेऊन बांधले. संप्रदायाने सिद्धान्तकार निवडला.

ज्या आकाशवाणीत मर्ढेकर अधिकारी होते, तिच्याच इतिहासात शुद्धता आणि अस्मिता यांच्या भागीदारीचा अस्सल दाखला आहे. १९४० मध्ये तत्कालीन नभोवाणीने हार्मोनियमला बंदी केली. जॉन फोल्ड्झ या इंग्रज संगीतकाराने पेटीच्या ठोक स्वरांवर टीका केलेली होती. नभोवाणीचे प्रमुख लायोनेल फील्डन हेही इंग्रजच. आणि रवीन्द्रनाथ ठाकुरांसारख्यांचा या बहिष्काराला पाठिंबा होता. मींड आणि श्रुती पेटीवर निघत नाहीत, हा शुद्धतेचा युक्तिवाद. पेटी परदेशी, हा अस्मितेचा. दोन्ही युक्तिवाद हातात हात घालून आले आणि त्यांनी महाराष्ट्रातल्या नाटकगृहांतला, कीर्तनातला, तमाशाच्या फडातला, भजनी मंडळातला रोजचा आवाज अपात्र ठरवला. ज्या वाद्यावर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी एक स्वतंत्र मराठी परंपरा उभी केली, ते मराठी नाही हे दिल्लीत ठरले. ही बंदी १९७१ मध्ये अंशतः सैल झाली. तीस वर्षे एका प्रदेशाचा आवाज त्याच प्रदेशाला परका ठरवून दाखवण्याची किमया ना एकट्या शुद्धतेला साधली असती, ना एकट्या अस्मितेला.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही मराठी रसिकाच्या परिचयाचे आहे. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास देवासला राहावयास गेले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत बाहेरून येणारी माळव्यातली लोकगीते ते ऐकत राहिले, आणि त्या धुनांतून पुढे त्यांनी नवे राग बांधले. १९६५ च्या 'अनूपरागविलास'मध्ये या विचाराची फळे एकत्र झाली. आकारवाद्यांनी यात धुनेचे रागात झालेले 'शुद्धीकरण' पाहिले. अस्मितावाद्यांनी मातीचा विजय पाहिला. दोघांच्याही नजरेतून निसटले ते हे, की कुमारांनी ज्या मैफलीच्या व्यासपीठावर त्या धुनांतून जन्मलेले राग गायिले, त्याच व्यासपीठावर माळव्याची लोकगीतेही स्वतंत्र कार्यक्रम करून गायिली. उगम पुसून टाकण्याची पुरेपूर सोय असतानाही त्यांनी तो श्रोत्यांसमोर उभा केला; 'मालवती' या रागाच्या नावातही तो प्रदेश राहिला. हिशोब पुरा झाला असे अर्थातच म्हणता येणार नाही. ज्या बायकांच्या कंठांतून ती गीते आली, त्यांची नावे मैफलीच्या इतिहासात नाहीत. पण ऋण आहे हे कळणे आणि ते फिटले आहे असे समजणे यांत फरक असतो, आणि कुमारांनी पहिली गोष्ट केली.

ऋणाची नोंद ठेवणे हे एकट्या संगीतकाराचे काम नाही. ते संस्थांचे आणि समीक्षेचेही आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साह्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचे केंद्र उभे राहिले. मूग सिंथेसायझरवर तेथे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काही वर्षे काम केले. मग त्या फिती संग्रहालयात पडून राहिल्या. २०१७ मध्ये पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताच्या हाती त्या लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांतली निवड प्रसिद्ध झाली. मधली जवळजवळ पंचेचाळीस वर्षे भारतीय समीक्षेला त्यांची उणीव भासली नाही, कारण तिच्या दोन्ही खणांत त्या बसत नव्हत्या: आकारवाद्यांच्या दृष्टीने खरे प्रयोग पश्चिमेत होत होते, आणि अस्मितावाद्यांच्या दृष्टीने मूग हे भारतीय वाद्य नव्हते. आता त्या ऐकताना एक पक्ष त्यांत तानपुरा शोधील आणि दुसरा पक्ष तो नसल्याबद्दल पाठ थोपटील. अहमदाबादेत त्या वर्षांत कोण, कोणासाठी, काय ऐकू पाहत होते, हा प्रश्न पुन्हा राहून जाईल.

साहित्यसमीक्षेने हे प्रकरण संगीताचे म्हणून बाजूला सारू नये. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले आणि त्यामागून दलित आत्मकथनांची रांग लागली, तेव्हा मराठी समीक्षेने हेच दोन खण पुढे केले होते. एकाने विचारले: हे साहित्य आहे की सामाजिक दस्तऐवज? दुसऱ्याने सांगितले: ही समाजाची अस्मिता आहे, तिला कलेचे निकष लावू नका. पहिल्याने आवाज मान्य करण्यापूर्वी त्यातला माणूस बाजूला करण्याची अट घातली. दुसऱ्याने माणसाला समाजाचा प्रतिनिधी करून त्याचा एकट्याचा आवाज काढून घेतला. लिहिणाऱ्याने शब्द कसे निवडले, कोठे थांबला, कोणाचे नाव घेतले आणि कोणाचे गाळले, हे वाचणे दोन्ही पक्षांना अनावश्यक वाटले. हार्लेमच्या हॅमला आणि कैरोच्या त्या बायकांना जे सोसावे लागले त्याचीच ही मराठी आवृत्ती आहे.

तेव्हा प्रयोगाच्या समीक्षेने काही साधे प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे. हा आवाज कोणाचा? तो कसा मिळवला? घेतल्यावर त्याचे काय केले, आणि जे केले त्याने तो आवाज अधिक ऐकू येऊ लागला की कमी? हे प्रश्न कलेबाहेरचे आहेत असे म्हणणाऱ्यांनी 'कम आउट'चा अर्थ त्यांच्याशिवाय लावून दाखवावा. आणि हे प्रश्न केवळ जातीचे, धर्माचे, राष्ट्राचे नाव सांगितल्याने सुटतात असे म्हणणाऱ्यांनी झारच्या त्या रात्री गाणाऱ्या एका तरी बाईचे नाव सांगावे. नावे सापडणार नाहीत तेथे निदान ती नसल्याची नोंद समीक्षेने करावी; ती रिकामी जागा 'ध्वनिवस्तू' म्हणून किंवा 'संस्कृती' म्हणून भरून टाकण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही. प्रकाश हवा असेल तर ज्योत जपावी लागते, एवढे आनंदवर्धनाने सांगून ठेवलेले आहे. वात कोणाच्या घरची आणि तेल कोणाचे, हे विचारण्याचे काम त्याच्या वारसदारांकडे राहिले होते.